निलंबित मासे

कुणाच्या घरी गेलो की मी चहाला नाही म्हणत नाही, पोह्यांना नाही म्हणत नाही, आग्रहाने वाढलेल्या दुसऱ्या जिलबीलाही नाही म्हणत नाही. पण पाण्याचा पेला पुढे आला की माझा हात थांबतो. मी पेला उजेडाकडे कलता धरतो, एक डोळा मिटतो आणि दुसऱ्याने तळ तपासतो. यजमानांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे होतात. पुतण्याच्या सोयरिकीला गेलो तेव्हा मुलीकडच्यांनी माझं हे करणं बघून घरातलं सगळं पाणी ओतून नवं भरलं, आणि परतताना गाडीत माझ्या बायकोने माझ्या बरगडीत जे कोपर मारलं ते पुढे आठवडाभर दुखत होतं.

ही सवय माझी नव्हे. हिंगोलीत कॉलेजला होतो तेव्हा एका घरमालकाकडून ती मला लागली. माणसाला जे काही लागतं ते पाण्यातूनच लागतं, असा त्या घरमालकाचा ठाम विश्वास होता.

गल्ली त्यांना समोर मामा म्हणायची आणि पाठीमागे मलेरियामामा. साखऱ्याकडच्या एका तांड्यावरून शिकून ते हिवताप खात्यात लागले. फवारणीचा पंप पाठीला लावून त्यांनी सगळा मुलूख पायी तुडवला. बढती एकदाही मिळाली नाही. म्हणजे उभ्या नोकरीत वर साहेबांची उतरंड आणि खाली जमीन. हाताखाली म्हणून कुणी नाही. ही कसर त्यांनी निवृत्तीनंतर भरून काढली. खात्याच्या हौदातून त्यांनी एक किटलीभर गप्पी मासे आणले आणि घरामागच्या सिमेंटच्या हौदात सोडले. गप्पी म्हणजे बोटाच्या पेराएवढा, राखी रंगाचा, डासांच्या अळ्या खाणारा मासा. आरोग्यवाले विहिरीत, हौदात सोडतात तो. लोकांच्या लेखी तो मासाही नाही. मामांच्या लेखी तो कर्मचारी होता.

मागचा हौद हे मुख्यालय. तिथून गल्लीतल्या घरोघरच्या हौदांत आणि जनावरांच्या पाण्याच्या टाक्यांत बदल्या निघत.

"धोब्याकडं दोन जनं पाठविले व्हते," मामा जेवताना सांगत. "एक चांगला कामाचा हाय. दुसरा नुसता कडंकडंनं फिरून राहिला."

"मंग त्याला नोटीस द्या," मामी म्हणत. मामांचं हसू आलं तर ते न लपवणारं मामी हे एकच माणूस होतं.

मी खोली बघायला गेलो तेव्हा मामांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, काय शिकतो तेही नाही. ओट्यावर उभं करून विचारलं, "लहानपनी थंडीताप आला व्हता का?"

"आला होता."

"गोळ्या पुऱ्या खाल्ल्या?"

"बरं वाटलं, मग सोडल्या."

मामा आत वळून ओरडले, "ऐकलं का, अजून एक आला. बरं वाटलं म्हून सोडल्या म्हन्ते!"

आतून मामींचा आवाज आला, "मंग काय आता पुऱ्या खाऊ घालता का त्याला? खोली द्या अन् मोकळे व्हा."

अशी मला खोली मिळाली.

मामा बाहेर निघाले की गळ्यात दोरीने अडकवलेली बॅटरी, भर दुपारीसुद्धा, आणि हातात चहाची ॲल्युमिनियमची किटली. किटलीत चहा नसे, बदलीवर निघालेले मासे असत. आता आमच्याकडे मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही; शेजारपाजारचे किटल्या भरभरून चहा आणतात. मामा एकदा अशाच घरी बसायला गेले आणि किटली दाराशी ठेवून पुरुषांत जाऊन बसले. कुणीतरी सवयीने ती उचलली आणि कप भरायला घेतले. पहिल्या कपात नुसतं पाणी पडलं. दुसऱ्या कपात पाणी आणि त्यात गोल गोल फिरणारा एक जीव. घरभर माना वळल्या. मामा शांतपणे उठले, कप हातात घेतला आणि म्हणाले, "याला घिऊ नका. याची ऑर्डर निघालेली हाय."

मी तिथे होतो. आधी एका कोपऱ्यातून खुसखुस आली, मग दुसऱ्या. शेवटी गेलेल्या माणसाची बायको, जी दोन दिवस नुसती भिंतीकडे बघत बसलेली होती, ती पदरात तोंड घालून हसली आणि हसता हसता मोकळी रडली. मामांना यातलं काही कळलं नाही. ते कपातला कर्मचारी किटलीत परत घालण्यात गुंतले होते.

शुक्रवारी आमच्याकडे कोरडा दिवस असे. कोरडा दिवस म्हणजे घरातलं प्रत्येक भांडं रिकामं करून उन्हात पालथं घालायचं. डासांची अंडी वाळून जातात. इतर घरांत ही खात्याची सूचना होती, आमच्या घरात तो उपास होता. एका शुक्रवारी मी डोक्याला साबण लावून न्हाणीत उभा आणि बाहेरून दार वाजतंय.

"बादली दे."

"मामा, डोक्याला साबण आहे!"

"साबनात डास व्हत न्हाईत. बादली दे."

मी तसाच, डोळे मिटून, बादली दाराबाहेर सरकवली. मामींनी खिडकीतून तांब्याभर पाणी दिलं म्हणून त्या दिवशी कॉलेजला गेलो.

आणि अशा या माणसाच्या घरात, डासांशी जन्माचं वैर असलेल्या घरात, हौदाच्या आडोशाला, मलमलच्या फडक्याने तोंड बांधलेलं एक मडकं होतं. त्यात मामा डासांच्या अळ्या पाळत. करणार काय? बदलीवर पाठवण्याआधी प्रत्येक माशाची परीक्षा घ्यावी लागे. वाटीत मासा, वर चमचाभर अळ्या. झडप घालून खाल्ल्या तर पास. विचार करत बसला तर नापास. मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते मडकं दाखवून म्हणत, "गल्लीचे मारते अन् घरचे पोसते."

मीही मासे आणले, पण शोभेचे, नांदेडहून. खोलीत मी, एक खाट, आणि आधीच्या भाडेकरूने भिंतीवर लिहून ठेवलेली सूत्रं. शिरड शहापूरच्या भरल्या घरातून आलेल्या पोराला काहीतरी हलणारं हवं होतं. एक काचेची पेटी, बुडबुडे सोडणारं यंत्र, आणि पिशवीभर पाण्यात सोनेरी, काळे, निळ्या शेपटीचे असे चार-पाच देखणे जीव. एसटीत ती पिशवी मी मांडीवर तान्ह्या लेकरासारखी धरून आलो. मामा तपासणीला आले. गुडघ्यावर हात टेकून पेटीकडे बघत राहिले.

"हे काय काम करते?"

"काम नाही मामा. बघायचे."

"बघायचे म्हंजे?"

"म्हणजे... नुसते बघायचे. बरं वाटतं."

"बरं वाटतं," मामांनी मान हलवली. "बरं वाटलं म्हून गोळ्या सोडनारा तूच ना?"

ते दिवस लोडशेडिंगचे. लाईट गेली की यंत्र बंद, यंत्र बंद की मासे वर येऊन तोंडं वासत. मग मी तांब्याने पेटीतलं पाणी उचलून उंचावरून परत सोडत बसे. तेवढीच हवा मिसळते. मामा दारातून हे बघत. "तुझे मासे ऑक्सिजनवर हायेत," ते म्हणत. "माझे ड्युटीवर." एकेक करून माझे सगळे देखणे गेले. शेवटचा, निळ्या शेपटीचा, परसात पुरला. मामा रिकाम्या पेटीतल्या पाण्याकडे बघून त्यांचं एक नेहमीचं वाक्य म्हणाले, "थांबलेलं पानी चावते."

दुसऱ्या दिवशी ते किटली घेऊन आले आणि माझ्या पेटीत ओतली. मूठभर राखी गप्पी बाहेर पडले.

"हे निलंबित हायेत," मामा म्हणाले. "तुझ्याकडं ठेव. खायला बेताचं दे. निलंबनात अर्धाच भत्ता असते."

एकाचा एक डोळा गेलेला. एकाची शेपूट फाटकी आणि परीक्षेत नापास. आणखी दोघं-तिघं निव्वळ म्हातारे. आणि त्यांत एक मोठी मादी, पाठीचा कणा विळ्यासारखा वाकलेला. ही वाकडी. तिच्यावरचा आरोप गंभीर होता. तिने पिलं घातली आणि घातल्या घातल्या खाल्ली. गप्पी हे करतातच, पण मामांच्या डोळ्यांदेखत करायला नको होतं.

"आपल्याच लेकरांवर उठलेली बाई," मामा म्हणाले, "तिला लोकाच्या घरात कशी पाठवू?"

यंत्र या मंडळींना लागत नव्हतं, लाईटची त्यांना फिकीर नव्हती. मी त्यांना बिस्किटाचा चुरा घाली आणि पुस्तक उघडून पेटीसमोर बसे. पान उलटलं जात नसे. वाकडी सरळ पोहू शकत नव्हती. कुठे जायचं झालं तर आधी थोडी भलतीकडे जाई आणि मग तिथून वळून हव्या त्या जागी येई. गणितात मी तेव्हा तेच करत होतो. चार वाजता खिडकीतून ऊन पेटीत आडवं शिरलं की त्या राखी अंगावरून हिरवी झाक धावत जाई, आणि पुढच्याच क्षणी ती राखी. ते बघायला मी कॉलेजातून पळत येई. हे मी कुणाला सांगितलं नाही. निलंबितांवर जीव लावणं त्या घराच्या नियमात बसणारं नव्हतं.

मग तो उन्हाळा आला. नळ आटले. घरोघरचे हौद तळाला लागले, तशी मामांनी गल्लीभरची फौज परत बोलावली. दारोदार किटली घेऊन जात आणि एकेकाला गाळणीने काढून आणत. पाऊस येईपर्यंत सगळे मुख्यालयात. कमी पाण्यात दाटीवाटीने त्यांच्या पाठी हलत असत. मृगानंतर डबकी साचली, डास झाले, की पुन्हा बदल्या. तोवर हे बियाणं जगवायचं. मामांच्या वर्षातलं हे खरं काम.

पाणी टँकरचं. टँकर आला की मामा तोटीपाशी हजर.

"पावडर टाकली का?"

"टाकली मामा," ड्रायव्हर वर न बघता म्हणे.

मामा ओंजळीत पाणी घेऊन नाकाला लावत. "वास कुठं हाय?"

"उडून गेला असंल. ऊन काय पडून राहिलंय बघा."

"माझं आयुष्य गेलं पावडर टाकन्यात! वास उडून गेला म्हन्ते!"

टँकरमध्ये टीसीएल, म्हणजे क्लोरीनची जंतू मारणारी पावडर, पडत नाही हे गल्लीतल्या पोरासोरांना ठाऊक होतं. मामा प्रत्येक खेपेला भांडत, आणि भांडून झालं की त्याच पाण्याचा पाईप मागच्या हौदात सोडत. बिनपावडरचं पाणी, माशांना काही होत नसे. ही त्या भांडणातली सोय कुणाच्या लक्षात आली नव्हती. त्यांच्याही.

मामांनी कचेरीत खेटे घातले. साहेबांपुढे बसून राहिले. सांगतात की एकदा त्यांनी बाटलीतलं पाणी साहेबांच्या टेबलावर ठेवून "वास घ्या" म्हटलं. शेवटी एक दिवस ड्रायव्हर टँकरवर चढला, झाकण उघडलं आणि डबा उंच धरून ओरडला, "या मामा, तुमच्यासमोर टाकतो! जिवाला शांती पडू द्या!"

माझा पेपर होता, मी सायकल काढत होतो. जाता जाता मी मामांचं ते रूप पाहिलं. ओंजळ नाकाला लावून डोळे मिटून उभे. मग समोरच्या वहिनींना बोलावून ओंजळ पुढे केली, "घ्या, वास घ्या! याला म्हन्तेत पानी!" वहिनी, ज्या एरवी मामांना दारात बघून, मासे नकोत म्हणून, हौदावर फळी टाकत, त्यांनीही वास घेतला. ड्रायव्हरला मामांनी स्वतःच्या हाताने चहा दिला. एवढं जिंकलेलं माणूस मी त्या गल्लीत दुसरं पाहिलं नाही.

आणि त्याच आनंदात, सवयीप्रमाणे, त्यांनी पाईप मागच्या हौदात सोडला.

मी दुपारी परत आलो तेव्हा मामी मागच्या पायरीवर बसलेल्या होत्या. त्यांनी हौदाकडे नुसता हात केला. हौदावर कुणीतरी तांदूळ सांडून ठेवल्यासारखे दिसत होते. सगळे पोटाकडून वर. मामा काठाशी उकिडवे बसलेले. हात पाण्यात बुडवून त्यांनी नाकाशी नेला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "डोस बराबर व्हता."

संध्याकाळी ते मामींशी बोलताना मी ऐकलं. "आज रिटायर झालो," मामा म्हणाले.

त्यानंतर बॅटरी खुंटीवर गेली. शुक्रवारी कुणी माझी बादली मागितली नाही. मी आपणहून पालथी घालून ठेवली, तर तीही कुणी बघितली नाही. किटली स्वयंपाकघरात गेली. मामींनी ती चिंचेने घासून लख्ख केली आणि तिच्यात चहा आणला. मामांनी तो प्यायला. त्या किटलीतून चहा पिताना मामांना मी प्रथमच बघत होतो.

एकदा तेवढे ते ती किटली घेऊन खात्याच्या हौदाकडे जाऊन आले. तिथलंही पाणी आटलं होतं, हौदात कुणीतरी शेळ्या बांधल्या होत्या. आणि नेमक्या दुसऱ्या दिवशी समोरच्या वहिनी आल्या. त्या कधी आपणहून आलेल्या नव्हत्या.

"मामा, औंदा आमच्या हौदात कवा सोडता? मागल्या साली सोडले तर लेकरांना ताप न्हवता आला. त्याच्या मागल्या साली काय हाल झाले ते म्हाईतच हाय तुमाला."

मामा म्हणाले, "पाहू." आणि आत निघून गेले. इतकी वर्षं दारोदार जाऊन ज्यांना पटवलं, ते आता दाराशी येऊन मागत होते, आणि द्यायला काही नव्हतं.

मी पेटीकडे बघितलं. सगळ्या गल्लीत तेवढेच उरले होते. माझ्या पेटीत त्या टँकरचं पाणी गेलं नव्हतं. मी मामांकडे गेलो आणि म्हणालो, "मामा, माझ्याकडचे घ्या."

"ते निलंबित हायेत."

"पण जिवंत आहेत."

"निलंबितांना कामावर घेता येत न्हाई. चौकशी लागते."

मामी पोळी लाटता लाटता थांबल्या. लाटणं तसंच हातात. "तुमीच निलंबित केलं, चौकशी बी तुमीच करा की! दुसरा कोन साहेब यायचा हाय का मुंबईहून?"

मामा थोडा वेळ लाटण्याकडे बघत राहिले. मग उठले आणि खुंटीवरची बॅटरी गळ्यात घातली.

चौकशी माझ्या खोलीत झाली. अळ्यांचं मडकं मात्र जोरात होतं. त्याला खाणारं कुणी उरलं नव्हतं. मामांनी चमचाभर अळ्या पेटीत सोडल्या आणि आम्ही तिघं वाकलो. एकडोळ्या आला, बघितलं, निघून गेला. फाटक्या शेपटीचा जवळ गेला, हुंगल्यासारखं केलं आणि मी रोज चुरा टाकतो त्या कोपऱ्यात जाऊन, वर तोंड करून, वाट बघत उभा राहिला. म्हातारे तर हललेच नाहीत. माझ्या पाठीवरून घामाचा थेंब ओघळला.

"काय खाऊ घालत व्हतास यांना?" मामांनी हळू विचारलं.

"बिस्किट."

"बिस्किट!" मामा असे म्हणाले, जणू मी माशांना गांजाची सवय लावली होती. "ऐकलं का? बिस्किट खाऊ घालते!"

"गप बसा," मामी म्हणाल्या. "बघा तिकडं."

वाकडी निघाली होती. आधी भलतीकडे गेली, नेहमीसारखी. मग अरुंद बोळात बैलगाडी वळवतात तशी तिथून सावकाश वळली, अळीसमोर आली, आणि अळी नाहीशी झाली. मग दुसरी. तिसरीला झडप. तिचं बघून एकडोळ्याही आला. मामांनी इतका वेळ रोखलेला श्वास सोडला तो पेटीच्या काचेवर धुकं धरून राहिला. धुकं बोटाने पुसून त्यांनी बॅटरी लावली.

"अरे, ही भरलेली हाय," ते म्हणाले.

वाकडीच्या पोटाशी काळा डाग गडद झाला होता. पिलं येणार होती. आणि वाकडी ती खाऊन टाकणार होती. एकच उपाय होता: पिलं पडताच तिला आणि बाकीच्यांना गाळणीने उचलून बादलीत घालायचं. त्यासाठी कुणीतरी पेटीसमोरून हलता कामा नये. माझ्या परीक्षा चालू. मामांनी आपली खुर्ची उचलली आणि माझ्या खोलीत आणून ठेवली.

ते किती दिवस बसले मी मोजलं नाही. मी पेपरला जाई तेव्हा बसलेले, येई तेव्हा बसलेले. मांडीवर चहाची गाळणी. मामी येऊन चिडवून जात, "डिंकाचे लाडू करू का बाळंतिनीला? का तुमाला?" मामा काचेवरून नजर काढत नसत. त्या माणसाला नुसतं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. हाताला काम नाही, तोंडाला हुकूम नाही. समोर काच आणि काचेपलीकडे ती वाकडी, भलतीकडे जाऊन परत येणारी.

एक दिवस चारचं ऊन आत शिरलं. मी खाटेवर पालथा पडून वाचत होतो.

"दिसायला..." मामा म्हणाले आणि थांबले. "दिसायला बरे असते की रे हे."

मी वळून बघितलं नाही. "हो मामा."

"मधीच हिरवं चमकते."

"चारच्या उन्हातच."

त्यांनी मान खुर्चीला टेकली. मला वाटलं झोप लागली.

"हौदात आपुन वरूनच पाहतो ना," ते शेवटी म्हणाले. "वरून नुसत्या पाठी दिसते. सगळ्या सारख्याच."

मी पुढे पुष्कळ साहेब पाहिले, पुष्कळांच्या हाताखाली नोकरी केली. आता स्वतः शाळेत थोडाफार साहेब आहे. ते वाक्य मामांनी कुणाला उद्देशून म्हटलं, स्वतःला की आयुष्यभरच्या उतरंडीला, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता विचारायची हिंमत नाही.

पिलं आली ती माझ्या शेवटच्या पेपरच्या दिवशी. मी घरात पाऊल टाकलं तर मामी ओट्यावरून सगळ्या गल्लीला सांगत होत्या, "सुटली! सुटली! सगळे धडधाकट हायेत!" आत मामा गुडघ्यावर, बाह्या भिजलेल्या, गाळणी हातात. वाकडी बादलीत. पेटीत पापणीच्या केसाएवढे बारीक, दोन मोठ्या डोळ्यांचे जीव कुठल्याही दिशेला सुटलेले.

"एकबी खाऊ दिलं न्हाई तिला," मामा म्हणाले. मग बादलीकडे वळून, अगदी खात्याच्या आवाजात: "निलंबन मागं घेतलं."

पाऊस लागला तेव्हा पिलं अजून लहान होती, म्हणून त्यांना शिकाऊ म्हणून पाठवण्यात आलं. पहिले समोरच्या वहिनींकडे गेले. त्या वेळी हौदावर फळी नव्हती. पुढच्या वर्षापर्यंत मागचा हौद पुन्हा भरला. नवं पाणी दोन दिवस उन्हात ठेवल्याशिवाय मामांनी ते हौदाला कधी लावलं नाही, आणि पावडरसाठी भांडणं काही सोडलं नाही. मी खोली सोडली तेव्हा पेटी मागितली नाही, त्यांनी दिलीही नाही. ती खिडकीतच राहिली, तिच्यासमोर खुर्चीही.

आता मी औंढ्याला राहतो. गेल्या महिन्यात हिंगोलीला काम होतं म्हणून गल्लीत गेलो. मामांनी ऐंशी ओलांडली आहे, कान गेले आहेत, पायांनी साथ सोडली आहे. खाट त्याच खिडकीपाशी, पेटीच्या बाजूला आणलेली. पेटीत राखी मासे. मामी वाकून चालतात पण जीभ तशीच. मोठ्याने ओरडून त्यांनी माझं नाव सांगितलं. मामांना कळेना. मी मोबाईलमधला माझा कॉलेजचा फोटो दाखवला. कळेना. मग त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि चेहरा एकदम उजळला.

"बिस्किट!" ते म्हणाले.

मी म्हटलं, "हो मामा. तोच."

थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी माझा हात धरला. "चार्ज द्यायचा हाय," ते म्हणाले. "चार्ज दिल्याबिगर मानूस मोकळा व्हत न्हाई."

मामी दुसरीकडे बघू लागल्या. सही करायची असेल म्हणून मी बॅगेतून पेन काढलं. मामांनी ते बाजूला सारलं.

"कागद नको. कागद भिजते. आधी परीक्षा." त्यांनी मामींना खूण केली. मामी परसात गेल्या, त्या अळ्यांच्या मडक्यापाशी. ते अजून होतं. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन आल्या. मामांनी ग्लास माझ्या हातात दिला.

"सांग. हाय का न्हाई?"

मी ग्लास खिडकीच्या उजेडाकडे धरला. काही दिसेना. एक डोळा मिटला. तरी काही नाही. मामा उशीवरून मान उचलून माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला आठवलं की अशाच नजरेने आम्ही तिघं एकदा त्या पेटीवर वाकलो होतो. तेव्हा माझ्या पाठीवरून घाम ओघळला होता. आताही ओघळला. मी ग्लास खाली ठेवला, खिशातून वाचायचा चष्मा काढला, पुसला, लावला. मामी हसल्या असाव्यात. पुन्हा ग्लास वर धरला. तळाशी दोऱ्याचा एक बारीक तुकडा पडला होता. मी बघत राहिलो. तो वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला.

"आहे मामा," मी त्यांच्या कानाशी ओरडलो. "एकच आहे."

मामांनी मान उशीवर टेकली आणि डोळे मिटले.

"बराबर," ते म्हणाले. "लाग कामाला."

मामी आत गेल्या होत्या. त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ती ॲल्युमिनियमची किटली होती. चहा असेल म्हणून मी दोन्ही हात पुढे केले. किटली गार होती.